बाप काय करतो?

(अभ्यासिकेत रविवारी रात्री केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मुलाखतीच्या तयारीवर बोल म्हणून मला उभं केलं तेव्हा मी म्हणालो, अरे, मी गोदीत माल वाहणारा मॅट्रिक माणूस, मी काय शिकवणार? कार्यकर्ते म्हणाले, मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळा तूच पडलायस, तूच बोल. हे खरंय. पाच ठिकाणी गेलो. पाचही ठिकाणी "कळवू" म्हणाले. अजून कळवतायत.

मंगळवारी आपल्यातल्या दोघी एका खाजगी कंपनीच्या गोडाऊनमध्ये क्लार्कच्या जागेसाठी जाणार आहेत. हे भाषण त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी ऐका.

मॅट्रिक झाल्यावर मी पण अशाच जागेला गेलो होतो. मित्राचा शर्ट, चुलत्याचे बूट, त्यात पुढं कागद कोंबलेला. समोर तिघं. पहिला प्रश्न, वडील काय करतात? मी म्हणालो, सर्व्हिस. कुठं? महापालिकेत. कुठल्या खात्यात? मी म्हणालो, ऑफिसात. माझा बा पहाटे पाचला झाडू घेऊन हजेरीला जातो. त्या झाडूवर मी कविता केली होती, आपल्याच मेळाव्यात टाळ्या घेतल्या होत्या. आणि तिथं एसीत बसल्यावर झाडूचं ऑफिस झालं! मग घाम फुटला. पुढं काय विचारलं ते नीट आठवतसुद्धा नाही. मालाच्या नोंदीबद्दल काहीतरी होतं, ते मला येत होतं. पण माझं सगळं ध्यान आता ऑफिसचं नाव विचारतील का ह्याच्यात. रात्री बा म्हणाला, काय इचारलं रं? मी म्हणालो, गणित.

हा प्रश्न काय आजचा नाही. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 100 आणि तोंडी परीक्षेला 50 मार्क होते. पोरं सुप्रीम कोर्टात गेली. तक्रार काय, तर एकेकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि विचारलं काय, तर आईबाप कोण आणि राहता कुठं. 1980 च्या नोव्हेंबरात, अजय हासिया खटल्यात, कोर्टानं सांगितलं की अशा तोंडी परीक्षेला शेकडा 15 पेक्षा जास्त मार्क ठेवणं मनमानी आहे. कारण उघड आहे. लेखीचा पेपर तपासता येतो. साहेबाच्या मनातला पेपर कोण तपासणार? केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2016 पासून खालच्या जागांच्या मुलाखतीच बंद केल्या. पण खाजगी मालकाला ह्यातलं काही लागू नाही. तिथं राखीव जागाही नाहीत.

तिथं आत काय चालतं? 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल ह्यांनी एक अभ्यास छापला. इंग्रजी पेपरातल्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण तोलामोलाचं, फरक नावाचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली. मुसलमान नावाला तर एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन ह्यांनी दिल्लीत मोठ्या कंपन्यांच्या भरती करणाऱ्या साहेबांशी बोलून लिहिलं. साहेब म्हणतात, आम्ही फक्त गुणवत्ता बघतो. आणि लगेच म्हणतात, घरची पार्श्वभूमी बघावी लागते. आयला, मग गुणवत्ता कुणाची बघितली? पोराची का बापाची?

मग कुणाला वाटेल, लपवू या. 1917 साली बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर आले. राहायला जागा मिळेना. नाइलाजानं पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. एवढा विद्वान माणूस, त्यालाही उसनं नाव पुरलं नाही.

मी असं म्हणत नाही की कपाळावर जात लिहून जा. विचारलं नाही तर सांगायची काही सक्ती नाही. पण विचारलं तर खोटं बोलायचं नाही. नीतीबितीसाठी नाही म्हणत मी. एक खोटं सांभाळायला पुढची सगळी मुलाखत खर्ची पडते, आणि तेवढ्यात आपल्याला येणारा प्रश्न येऊन निघून जातो. माझा गेला. म्हणून वाक्य आजच पाठ करायचं. "वडील महापालिकेत सफाई कामगार आहेत." संपलं. "तसे" नाही, "फक्त" नाही, "पण मी मात्र" तर बिलकुल नाही.

दुसरं, अनुभव. विचारलं की आपण म्हणतो, काही नाही साहेब. कसं काही नाही? तुमच्यातली एक बावीस बायकांच्या भिशीचा हिशेब चार वर्षं वहीत ठेवते, रुपया इकडचा तिकडं नाही. दुसरी कारखान्यात शर्टांचे डझन मोजून चलन बनवते. मी तुमच्या जागी असतो तर सांगितलं असतं, पेटीवरचा मार्का वाचता येतो, टॅली करता येते, आलेला आणि गेलेला माल जुळला नाही तर कुठं शोधायचा ते कळतं. गोडाऊनमध्ये हेच तर काम असतं! त्यांना हवं ते आपण रोज करतो, फक्त त्याला काम म्हणत नाही.

"पाणी"ला "पानी" म्हणालात आणि कुणी हसलं तर हसू द्या. वाक्य पुरं करा. मध्येच थांबून दुरुस्त करत बसू नका.

कागद. सगळी ओरिजिनल आणि झेरॉक्सचे दोन संच. एकीच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं आहे. फॉर्मवर सर्टिफिकेटचंच लिही, विचारायच्या आधी तूच सांग. हार्बरचा भरवसा नाही, एक तास आधी निघा. बूट घरीच घालून चालून बघा.

पोरींना अजून एक विचारतात, लग्न कधी करणार? त्याचं उत्तर मी देणार नाही. ते तुम्ही दोघी ठरवा, आम्ही बाप्ये गप्प बसतो.

बास झालं भाषण. त्या तीन खुर्च्या इकडं ओढा. दोघं माझ्या बाजूला या, तोंडं साहेबासारखी करा. हसायचं नाही. दार लोटून घे. हां, आता आत ये. बस. उभी राहू नकोस, बस.

"वडील काय करतात?"