सत्तरीतले वत्सगुल्म

वाशीम म्हणजे वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. या घराण्याचे कोरीव लेख ग्रंथरूपात आणणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी १८९३ साली जन्मले. तो ग्रंथ निघाला १९६३ मध्ये, सत्तरीत. शिलाहार राजांच्या लेखांचा त्यांचा खंड तर १९७७चा, म्हणजे वय चौऱ्याऐंशी! कुणी म्हणेल, ते मुळातच पंडित. आमची स्मरणशक्ती आता कुठली? वयाबरोबर पाठांतर मंदावते, हे खरेच. पण शब्दसंपदा आणि अनुभवाची समज पुष्कळ काळ टिकते, आणि जुना लेख लावायला नेमकी तीच लागते. निवृत्त तलाठ्याला सातबारा कळतो, मग मोडी लिपीतला जुना दस्त का कळू नये? लिपी तेवढी नवी, व्यवहार ओळखीचाच. घरातल्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा उलगडून पाहा.