वेगाचा वर्ग



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नवे कामगार कायदे यांपैकी कशावर तरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी 'गतिज ऊर्जा' असे लिहून पाठविले. त्यावर चिटणीसांनी मोठ्या सौजन्याने विचारले की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. हा विषय माझ्याकडे महाविद्यालयातून आलेला नाही, कारण महाविद्यालयाची पायरी मी कधी चढलो नाही. तो कारखान्याच्या दारातून आला, आणि कसा आला ते मी शेवटी सांगणार आहे. तोवर मी तुम्हांला काही उदाहरणे घालतो. उत्तरे मनाशीच काढावीत. चुकली तर शेजाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही.

पहिले उदाहरण रस्त्यावरचे. दोन सारख्या मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ४० किलोमीटर, दुसरीचा ५०. समोर अचानक एक मूल येते. दोन्ही चालक एकाच क्षणी आणि सारख्याच जोराने ब्रेक दाबतात. पहिली मोटार मुलापासून चार बोटांवर येऊन थांबते. दुसरी मोटार त्या जागी पोचेल तेव्हा तिचा वेग किती असेल?

तुमच्यापैकी बहुतेकांनी मनाशी '१०' म्हटले असेल. पन्नासातून चाळीस गेले, दहा उरले. मीही पहिल्यांदा हेच उत्तर दिले होते. परंतु खरे उत्तर ३० आहे. जिथे पहिली मोटार थांबली, तिथे दुसरी अजून ताशी ३० किलोमीटर वेगाने धावत आहे. दहाची घाई आणि तीसचा धक्का!

हे कसे झाले? ब्रेक वेगातून वजाबाकी करीत नाही. तो वेगाच्या वर्गातून वजाबाकी करतो. ५० चा वर्ग २५००, ४० चा १६००. तेवढ्या अंतरात ब्रेकने दोन्ही मोटारींतून सारखेच, म्हणजे १६०० काढून घेतले. पहिलीजवळ शून्य उरले. दुसरीजवळ ९०० उरले, आणि ९०० चे वर्गमूळ ३०. यात चालकाला ब्रेक सुचेपर्यंत जो पाऊण-एक सेकंद जातो, तो मी धरलेलाच नाही. तो धरला तर दुसऱ्या मोटारीची स्थिती याहूनही वाईट होईल, कारण तेवढ्या वेळात ती पहिलीपेक्षा पुढे गेलेली असेल.

आम्ही चळवळीतली माणसे 'वर्ग' हा शब्द निराळ्या अर्थाने वापरतो. पण निसर्गाच्या हिशेबातला हा वर्गही विसरून चालणार नाही.

आता साहजिकच प्रश्न येतो की वर्गच का? वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट व्हावी, चौपट का व्हावी? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले, पण पटले मात्र ढकलगाडीमागे. रुळावरची एक भरलेली ट्रॉली घ्या. घर्षण नाही असे धरा. तुम्ही ती एकसारख्या जोराने ढकलीत आहात. पहिल्या सेकंदात तिचा वेग शून्यापासून सेकंदाला २ मीटर झाला. दुसऱ्या सेकंदात तो २ चा ४ झाला. दोन्ही सेकंदांत वेगाची वाढ सारखीच आणि तुमचा जोरही सारखाच. पण तुम्ही किती चाललात? पहिल्या सेकंदात सरासरी वेग १, म्हणून १ मीटर. दुसऱ्या सेकंदात सरासरी वेग ३, म्हणून ३ मीटर. जोर गुणिले अंतर म्हणजे कार्य. तेव्हा पहिल्या २ ला जेवढे कार्य लागले, त्याच्या तिप्पट दुसऱ्या २ ला लागले. एक आणि तीन मिळून चार. वेग दुप्पट आणि आत साठलेली ऊर्जा चौपट. धावत्या गाडीचा वेग वाढवायचा तर तिच्याबरोबर धावतच ढकलावे लागते, हे ज्याने ट्रॉली ढकलली आहे त्याला शिकवावे लागत नाही.

याच उदाहरणात सूत्रातल्या 'अर्ध्या'चेही उत्तर आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे. हे निम्मे आले ते सरासरीतून. गाडी शून्यापासून पूर्ण वेगाला जाते तेव्हा वाटेतला सरासरी वेग निम्मा असतो, आणि म्हणून कापलेले अंतरही निम्मे असते. किलोग्रॅम आणि सेकंदाला मीटर ही मापे घेतली की उत्तर जूल या एककात येते.

ही गोष्ट मोठमोठ्या पंडितांनाही सहजासहजी पटलेली नव्हती. देकार्तच्या मताने गतीचे माप म्हणजे वस्तूचा आकार गुणिले वेग. १६८६ साली लाइब्निट्झने त्यावर हरकत घेतली आणि वेगाचा वर्ग धरला पाहिजे असे मांडले. त्या राशीला त्याने 'जिवंत बल' असे नाव दिले. मग पन्नासाहून अधिक वर्षे युरोपात वाद चालला. हॉलंडमध्ये लायडन येथील प्राध्यापक ग्राव्हेसांड यांनी १७२२ च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. सारख्या आकाराचे पण निरनिराळ्या वजनांचे पितळी गोळे त्यांनी मऊ मातीवर टाकले. वजन आणि उंची यांचा गुणाकार सारखा ठेवला की खड्डे सारखे पडत. आता पडणाऱ्या वस्तूचा वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट घ्यावी लागते, हे गॅलिलिओपासून माहीत होते. म्हणजे मातीने साक्ष दिली ती वर्गाच्या बाजूने. फ्रान्समध्ये या साक्षीचे वकीलपत्र एमिली द्यु शातले या विदुषीने घेतले. तिचा पदार्थविज्ञानावरचा ग्रंथ १७४० साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद असलेल्या काळात तिने न्यूटनच्या महाग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर ती वारली आणि ते पूर्ण भाषांतर १७५९ मध्ये बाहेर आले. विद्या कोणाच्या घरी जन्मावी याचा नियम नाही, हे सांगावयास मला तिचे नाव पुरते.

शेवटी १८२९ साली कोरिऑलिस या फ्रेंच अभियंत्याने यंत्रांच्या परिणामांचा हिशेब मांडणारे पुस्तक लिहिले. जोर गुणिले अंतर याला त्याने 'कार्य' हे नाव दिले आणि हिशेब जुळावा म्हणून वर्गाच्या सूत्रात अर्धा घातला. म्हणजे हे सूत्र आजच्या रूपात आले तेच मुळी यंत्रांकडून किती काम निघते हे मोजताना. मात्र येथे एक इशारा देतो. शास्त्रातले कार्य आणि तुमचे-आमचे काम एक नव्हे. हमाल ५० किलोचे पोते डोक्यावर घेऊन तासभर जागीच उभा राहिला, तर पोते वर गेले नाही म्हणून शास्त्राच्या भाषेत त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य. त्याच्या मानेला विचारा! तेव्हा उद्या कोणी पदार्थविज्ञानाच्या आधारे मजुरी कापू लागला, तर या दोन शब्दांतला फरक त्याला सांगा.

दुसरे उदाहरण इमारतीच्या कामावरचे. परांचीवरून अर्ध्या किलोचा पाना निसटला आणि ५ मीटर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर पडला. गुरुत्वाचे प्रवेग १० धरू. खाली पोचताना पान्याचा वेग सेकंदाला १० मीटर आणि ऊर्जा २५ जूल. आता ही ऊर्जा कोठेतरी जिरलीच पाहिजे. प्रश्न इतकाच की, किती अंतरात? उघड्या कवटीवर पाना पाव सेंटिमीटरात थांबला असे धरा. २५ जूलला त्या अंतराने भागले की सरासरी जोर १०,००० न्यूटन, म्हणजे जवळपास एक टन वजनाचा भार येतो. डोक्यावर हेल्मेट असेल आणि त्याच्या आतल्या पट्ट्या ताणल्या जाऊन पाना अडीच सेंटिमीटरात थांबला, तर जोर १,००० न्यूटन. दहावा हिस्सा. ऊर्जा तीच, पाना तोच आणि माणूसही तोच. फरक दोन बोटांच्या पोकळीचा.

म्हणून हेल्मेटचे संरक्षण केवळ कवचात नसते, ते आतल्या पट्ट्यांत आणि मधल्या पोकळीत असते. उकडते म्हणून पट्ट्या काढून नुसते कवच डोक्यावर ठेवणारे कामगार मी पाहिले आहेत, आणि तुटलेल्या पट्ट्या बदलून न देणारे ठेकेदारही पाहिले आहेत. पहिल्यांना हे गणित समजावून सांगावे लागते. दुसऱ्यांना ते बहुधा ठाऊक असते.

आता तिसरे उदाहरण, आणि त्याबरोबर मघाशी कबूल केलेली गोष्ट.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात प्रेस खात्यात हेल्पर होतो. माझ्या शेजारच्या प्रेसवरील एका कामगाराची उजव्या हाताची तीन बोटे गेली. डायमध्ये पत्रा अडकला होता. त्याने बटण दाबून मोटर बंद केली, ती बंद झाल्याचे मी डोळ्यांनी पाहिले, आणि मग त्याने पत्रा काढण्यास हात घातला. तेवढ्यात पाय पायडलला लागला आणि प्रेस खाली आला. चौकशीत साहेबांनी विचारले, "मोटर बंद होती ना? मग प्रेस चालला कशाने? म्हणजे तू चालू यंत्रात हात घातलास." मी साक्षीला होतो. मोटर बंद होती हे मी शपथेवर सांगितले. पण बंद मोटरचा प्रेस चालला कशाने, याचे उत्तर मला देता आले नाही. कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले.

त्या रात्री मी घरी गेलो तो हाच प्रश्न घेऊन. प्रेस चालला कशाने? आयटीआयमध्ये शिकणाऱ्या शेजारच्या मुलाचे पुस्तक मी मागून आणले. पुढे कितीतरी रात्री त्यात गेल्या, कारण मला वर्गमूळसुद्धा नव्याने शिकावे लागले.

उत्तर फ्लायव्हीलमध्ये होते. प्रेसची मोटर लहान असते. ती सगळा वेळ त्या जड चाकात थोडी थोडी ऊर्जा साठवीत राहते आणि ठोक्याच्या क्षणी चाक ती एकदम देते. हिशेब करून पाहू. समजा चाक १०० किलोचे, सारे वजन कडेशी आणि केंद्रापासून कडेपर्यंत अर्धा मीटर. मिनिटाला २४० फेरे, म्हणजे सेकंदाला ४. कडेचा वेग सेकंदाला सुमारे साडेबारा मीटर. ऊर्जा जवळजवळ ७,९०० जूल. एवढ्या ऊर्जेने ५० किलोचा माणूस पाच मजले वर उचलता येतो. बटण दाबले की वीज तुटते. ही ऊर्जा कोठेही जात नाही.

आता माझा तुम्हांला शेवटचा प्रश्न. चाक मंदावत मंदावत चौथ्या हिश्शावर आले. मिनिटाला ६० फेरे, डोळ्यांनी सहज मोजता येतील इतके संथ. यंत्र आता सुरक्षित झाले का? येथे वर्ग आपल्या बाजूने आहे, ऊर्जा सोळाव्या हिश्शावर आली. पण ७,९०० चा सोळावा हिस्सा म्हणजे सुमारे ४९० जूल. ५० किलोच्या माणसाला एक मीटर उचलण्याइतकी ही ऊर्जा आहे. तीन बोटांना इतकी लागत नाही.

तेव्हा साहेबांच्या प्रश्नाला उत्तर होते. मोटर बंद होती आणि यंत्र चालू होते. दोन्ही खरे होते. माझा साथी खोटे बोलला नव्हता आणि मीही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने मूळ चालक यंत्राला जोडलेल्या प्रत्येक फ्लायव्हीलला भक्कम कठडा घालण्याची सक्ती केली होती. ३० व्या कलमाने सहाणेच्या दगडाजवळ त्याच्या सुरक्षित वेगाची पाटी लावावयास सांगितले होते. फिरत्या चाकाचे भय काय असते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आम्हांला ते कोणी सांगितले नव्हते.

दोन वर्षांनी आम्ही युनियनतर्फे हे गणित मांडून मागणी केली. पायडलवर झाकण, चाक थांबविणारा ब्रेक, आणि डाय साफ करताना प्रेसखाली ठोकळा. झाकणे आणि ठोकळे मिळाले. ब्रेकसाठी आणखी भांडावे लागले. माझ्या साथीच्या कागदावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द मात्र निघाला नाही. त्याची फाईल तोवर बंद झाली होती.

मित्रहो, पुष्कळदा मला विचारतात की, कामगाराला पदार्थविज्ञान काय करावयाचे आहे? त्याने यंत्र चालवावे, हिशेब करणारे दुसरे आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे की, चौकशीच्या टेबलापाशी ज्याला हिशेब येतो त्याचेच म्हणणे कागदावर उतरते. त्या दिवशी मला एक साधा वर्ग करता आला असता, तर एका माणसाच्या नावापुढे निराळे शब्द लिहिले गेले असते. तुमच्या घरात, कारखान्यात, वस्तीत कोणी तरुण संध्याकाळी पुस्तक घेऊन बसला असेल, तर त्याला हे 'चाळीस आणि पन्नास'चे उदाहरण घाला. तो बहुधा दहा म्हणेल. त्याला हसू नका, शेजारी बसून तीस कसे येतात ते दाखवा.