खुब्याचे मोडलेले हाड : पट्टी, रॉड की कृत्रिम गोळा?
(कोथरूड येथील व्याख्यानाचा सारांश)



आपल्या कोथरूडमध्ये कितीतरी घरांत आजी-आजोबा दोघेच राहतात. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि नातेवाईक आम्हाला विचारतात, "डॉक्टर, या वयात ऑपरेशन झेपेल का?" या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे आहे.

पूर्वी पायाला वजन बांधून रुग्णास दोन-तीन महिने निजवून ठेवीत. हाड पुष्कळदा जुळे. पण तोवर न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायात रक्ताची गुठळी यांनी माणूस खचून जाई. म्हणून शस्त्रक्रियेचा पहिला हेतू माणसाला अंथरुणातून उठविणे हा आहे.

प्रथम हाड कोठे मोडले ते पाहावे. खुब्याच्या मानेत मोडून सरकले असेल, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. म्हणून वृद्धांत बहुधा गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडले, तर गोळा जिवंत राहतो व हाड जोडता येते. मात्र आतील बाजूचा आधार निखळला, बाहेरची भिंत फुटली किंवा मोड उलट्या तिरप्या दिशेने गेली, तर ते हाड 'अस्थिर' समजावे. खरा वाद येथेच आहे.

पहिला उपाय स्क्रू व पट्टीचा. गोळ्यात बसविलेला जाड स्क्रू पट्टीच्या नळीत सरकतो आणि तुकडे एकमेकांवर दाबले जातात. स्थिर मोडीत हा उपाय उत्तम व स्वस्त आहे. अस्थिर मोडीत मात्र स्क्रू जरुरीपेक्षा अधिक सरकतो, पाय आखूड होतो, कधी स्क्रू गोळा फाडून बाहेर येतो.

दुसरा उपाय रॉडचा. रॉड हाडाच्या पोकळीत, म्हणजे भाराच्या रेषेजवळ असल्याने त्यावर ताण कमी पडतो व तुकड्यांना आतून टेकू मिळतो. उलट्या तिरप्या मोडीत रॉडच श्रेयस्कर. परंतु तो महाग असतो, आणि क्वचित त्याच्या टोकाशी नवी मोड होऊ शकते.

तिसरा उपाय कृत्रिम गोळ्याचा. फार ठिसूळ हाडात किंवा आधीचे जोडकाम फसल्यास तो उपयोगी पडतो. रुग्ण लवकर पायावर भार देतो. पण शस्त्रक्रिया मोठी, रक्तस्राव अधिक, आणि सांधा निखळण्याची भीती असते.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९९५ साली बाउमगार्टनर व सहकाऱ्यांनी १९८ मोडींचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्ष-किरणाच्या दोन चित्रांत स्क्रूचे टोक व गोळ्याचे टोक यांतील अंतर मोजून बेरीज केली. ती २५ मिलिमीटर किंवा कमी होती, तेथे एकही स्क्रू बाहेर आला नाही. साधन कोणतेही असो, ते बसविणाऱ्या हाताला महत्त्व आहे.

वेळेचेही तसेच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील २९७० रुग्णांच्या चाचणीत सहा तासांत शस्त्रक्रियेचे लक्ष्य ठेवून मृत्यू घटले नाहीत. पण भ्रम कमी झाला व रुग्ण लवकर उठले. घाबरून धावपळ नको, पण विनाकारण दोन दिवसांपलीकडे लांबवूही नये.

पैशाअभावी कोणी घरी निजून राहू नये. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या राखीव असतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. रुग्णासाठी अर्ज भरून देणे, रुग्णालयात सोबत जाणे, ही कामे आपले तरुण सभासद सहज करू शकतील.

घरी न्हाणीघरात धरावयास दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा. एकदा खुबा मोडलेल्या व्यक्तीच्या हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करा. दुसरी बाजूही मोडू शकते. आणि वय झाले म्हणून कोणास अंथरुणावर सोडून देऊ नका, एवढीच आमची विनंती आहे.