बालेकिल्ल्याची किल्ली

भोरच्या प्राथमिक शाळेंत उभा जन्म गणित शिकविण्यांत घालविलेल्या मास्तरानें क्रिप्टो चलनाच्या बटव्याविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मलाहि वाटतें.

निमित्त असें झालें. वेल्ह्याकडील माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या आज्ञावली लिहितो. दिवाळींत तो भेटावयास आला आणि आपलें काम दाखवूं लागला. म्हणाला, “गुरुजी, बिटकॉइनच्या बटव्यांत पैसे नसतात. पैशांची नोंद जगभरच्या संगणकांवरील सामाईक खातेवहींत असते. बटव्यांत असते ती फक्त किल्ली. ज्याच्यापाशीं किल्ली, त्याचा पैसा.”

या खातेवहीशीं बोलणाऱ्या आज्ञावलीस क्लायंट म्हणतात. ती शिल्लक विचारते, देण्याची आज्ञा तयार करते आणि किल्लीनें तिजवर सही करते. प्रत्येकाची गरज निराळी, म्हणून तिला आपल्या सोयीचे भाग जोडतां येतात. हींच मॉड्यूलें. २०२२ सालच्या अर्थसंकल्पानें अशा चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला. तेव्हां कराचा हिशेब मांडणारें एक आयतें मॉड्यूल त्यानें आणलें होतें. तें किल्लीहि मागत होतें, हें तो सहज बोलून गेला.

मीं विचारलें, “अरे, हिशेब लिहिणाऱ्या कारकुनास तिजोरीची किल्ली कशाला?”

तो गप्प झाला. त्या बटव्यांत घर बांधण्यासाठीं सांठविलेली पुंजी होती. येथें चोरी झाल्यास व्यवहार उलटविणारी पेढी नाहीं.

मग त्यानेंच मला २०१८ सालची हकीकत सांगितली. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नांवाचें एक मॉड्यूल असंख्य आज्ञावलींत वापरलें जात असे. मूळ कर्त्यानें त्याचा कारभार एका अनोळखी स्वयंसेवकाच्या हातीं दिला. त्यानें आंत दुसरें एक छोटें मॉड्यूल जोडलें; आणि तें ‘कोपे’ नांवाच्या बटव्यांत शिरून मोठ्या शिलकीच्या किल्ल्या चोरूं लागलें. त्यानें कोणाकडे किल्ली मागितली नव्हती. एकाच घरांत वावरणाऱ्यास मागावी लागत नाहीं!

हें ऐकतांना मला राजगड आठवला. डोंगराच्या तीन सोंडांवर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या पसरल्या आहेत. मधोमध उंच बालेकिल्ला, आणि त्याचा दरवाजा निराळा. माचीवर शिरलेला शत्रु तेवढ्यानें बालेकिल्ल्यांत पोहोंचत नाहीं.

बटव्याची रचनाहि तशीच असावी. मॉड्यूलास शिल्लक व जुने व्यवहार वाचूं द्यावे; सही मात्र निराळ्या उपकरणांत व्हावी. सहीपूर्वीं रक्कम आणि घेणाऱ्याचा पत्ता त्या उपकरणावरच आपल्या डोळ्यांनीं वाचावा. एकदां तपासलेली आवृत्ति कायम ठेवावी; नवी आली म्हणून न पाहतां घेऊं नये.

माझ्या विद्यार्थ्यानें तें आयतें मॉड्यूल काढून टाकलें. तीन रात्री जागून हिशेबाचें मॉड्यूल स्वतः लिहिलें, आणि किल्ली वेगळ्या उपकरणांत ठेवली. परवां त्याचा निरोप आला: “गुरुजी, घराचा पाया खणला.”

श्रोतेहो, सोयीसाठीं माच्या हव्या तितक्या वाढवाव्या. बालेकिल्ल्याची किल्ली मात्र आपल्याच कनवटीस असावी.