आपल्या रजिस्टरचं कुलूप
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



कॉम्प्युटरचं फार सांगू नकोस, अशी मला तंबी आहे. पण विषयच तो आहे, त्यामुळे सांभाळून घ्या.

माळशेजकडून पाऊस उतरला की आपल्या वैशाखऱ्यात नेटचा भरवसा नसतो. म्हणून संस्थेच्या नोंदी आपण ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर ठेवतो. दोन वर्षांपूर्वी तो बंद पडला, दुरुस्तीला गेला, चार दिवस बाहेर राहिला. त्यात सभासदांची यादी, फोन नंबर, नामनिर्देशन, सगळं उघडं. पुढच्या सभेत एका आजोबांनी मला विचारलं, "घरावर कोणत्या मुलाचं नाव दिलंय ते मी घरात बोललेलो नाही. तिथे कुणी वाचलं असेल का रे?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रोग्राम मीच लिहिलेला.

मग नोंदी कुलूपबंद करायच्या ठरल्या. पहिली हौस अशी, की कुलूप आपणच बनवावं. अक्षरं पुढे-मागे सरकवून मी एक युक्ती केलीही. कॉलेजातल्या माझ्या भाच्याने ती जेवण होईपर्यंत सोडवली. म्हणजे जाणकारांनी लिहून तपासलेली तयार लायब्ररीच घ्यायला हवी.

पण कोणती? माझ्या जुन्या पुस्तकात एमक्रिप्ट होती. तिच्या मुळाशी असलेल्या कोडमध्ये २००७ नंतर कुणी हात घातलेला नाही. पीएचपीवाल्यांनी २०१७ मध्ये ७.२ आवृत्तीतून ती काढून टाकली आणि त्याच आवृत्तीत लिबसोडियम घेतली.

नुसतं कुलूप मजबूत असून भागत नाही, हे अडोबी कंपनीच्या प्रकरणात दिसलं. २०१३ साली त्यांच्या सुमारे १५ कोटी नोंदी फुटल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण पद्धत अशी की ज्यांचा पासवर्ड एकच, त्यांच्या नोंदीही हुबेहूब सारख्या. शेजारी लोकांनी आठवणीसाठी लिहिलेल्या खुणा उघड्या. एकाची खूण वाचली की तोच पासवर्ड असलेल्या हजारोंचा उलगडा. आपल्याकडे 'पत्नी' किंवा 'मुलगा' हा शब्द दर पानावर सारखाच दिसला असता, तर काय झाकलं?

लिबसोडियममध्ये दर वेळी नवा यादृच्छिक आकडा मिसळतात, त्यामुळे एकच शब्द दोनदा सारखा दिसत नाही. मागाहून कुणी एक अक्षर जरी बदललं, तरी नोंद उघडतच नाही. नामनिर्देशनाला हे फार महत्त्वाचं. आणि चुकीचे पर्याय ती माझ्यासारख्यापुढे फारसे ठेवतच नाही. (जिच्यावरून ती निघाली त्या लायब्ररीचं नाव एनएसीएल, म्हणजे शाळेत शिकलेलं मिठाचं सूत्र!)

किल्ली कुठे ठेवायची, हे मात्र कुठलीच लायब्ररी सांगत नाही. त्यावर कमिटीत दोन बैठका झाल्या. कॉम्प्युटरवर ठेवली तर ती कॉम्प्युटरबरोबरच दुरुस्तीला जाणार. हरवली तर नोंदी मलाही उघडता येणार नाहीत, जगात कुणालाच नाही. शेवटी पासवर्डवरून किल्ली बनवायची ठरली. तो पासवर्ड दोन सीलबंद पाकिटांत, एक अध्यक्षांकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. कमिटी बदलली की पासवर्ड बदलायचा. मूळ कागदी फॉर्म कपाटात आहेतच.

जुन्या उघड्या फाइल्स पुसायच्या आधी प्रत्येकाने आपली नोंद एकदा पडताळावी. रविवारी सकाळी दहापासून मी ऑफिसात आहे. एका वेळी एकच जण आत येईल. आजोबा, तुमचा पहिला नंबर.