जुन्या छायाचित्रांतले पेडणे आणि डिचोली



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकविला. म्हणून इतिहासाच्याच एका साधनाविषयी बोलावे असे मी ठरविले. हे साधन दुर्मिळ नाही. ते आपल्या सोप्यातल्या भिंतीवर, देवघराशेजारच्या फळीवर, पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी असते. आपल्या आजोबांच्या पिढीतील काही मंडळी त्याला ‘रेत्रात’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज भाषेने आपल्याला दिला. मी त्याला छायाचित्र म्हणेन आणि बोलण्याच्या ओघात फोटोही म्हणेन, त्याबद्दल भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी क्षमा करावी.

पेडणे महालाचा आणि छायाचित्रणाचा संबंध आपण समजतो त्याहून जुना आहे. छायाचित्रणाची कला युरोपात १८३९ साली जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या हिंदी सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. १८२२ साली जन्मलेले भाऊ दाजी मूळचे पेडणे महालातले. शिलालेखांचे वाचन, प्राचीन नाण्यांचा संग्रह आणि कुष्ठरोगावरील औषधाचा शोध यांमुळे त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मात्र त्यांना कॅमेऱ्याचीही गोडी होती, हे फारसे सांगितले जात नाही. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते आणि हिंदुस्थानातील पहिल्या नामांकित एतद्देशीय छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. पेडण्याच्या मातीतल्या एका कुटुंबाने मुंबईत कॅमेरा हाती घेतला, आणि खुद्द पेडणे मात्र पुढे कित्येक वर्षे कॅमेऱ्यापासून दूर राहिले. या विसंगतीत आपल्या विषयाचे अर्धे मर्म आहे.

कारण गोव्याचे जे चित्र जगापुढे गेले, ते प्रामुख्याने जुन्या काबिजादींचे. पणजीच्या ‘सौझा अँड पॉल’ या छायाचित्रकारांनी १८९० च्या सुमारास पोर्तुगीज हिंदुस्थानातील देखाव्यांचा आणि चालीरीतींचा एक आल्बम प्रसिद्ध केला. गोव्याच्या छायाचित्रणाच्या इतिहासात तो मोलाचा आहे, यात शंका नाही. पण राजधानी, चर्चेस, बंदर, सरकारी इमारती हा राज्यकर्त्यांच्या अभिमानाचा प्रदेश होता. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. ‘नव्या काबिजादी’ हे नाव त्यांना जे चिकटले ते कायमचे. येथे मिरवावे असे राज्यकर्त्यांना फारसे काही दिसले नसावे. उलट सत्तरीच्या राण्यांची बंडे १८५२ पासून शतकाच्या अखेरीपर्यंत पुन्हा पुन्हा उसळत होती, आणि त्यांची झळ डिचोली महालालाही लागत होती. अशा मुलखात काचेच्या प्लेटा, तिपाई आणि काळोखी तंबू बैलगाडीत घालून कोण हिंडणार?

मग आपल्या दोन तालुक्यांची जुनी छायाचित्रे आली कोठून? एक तर मोठ्या वाड्यांतून. पेडण्याच्या देशप्रभूंना पोर्तुगीज दरबारचा व्हिस्कोंद हा किताब होता. अशा घराण्यांना दरबारी पोशाखातले, पदके लावलेले चित्र हवेच असे. दुसरे, आणि माझ्या मते अधिक बोलके, उगमस्थान म्हणजे मुंबई. पेडणे-डिचोलीचा माणूस पोटासाठी मुंबईस गेला. तेथे स्थिरावल्यावर त्याने एके दिवशी कोट चढविला, स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला आणि तो गावी आईला पाठविला. मागे रंगविलेला पडदा, त्यावर कमानी आणि संगमरवरी जिना, बाजूला कुंडी, हातात बहुधा स्टुडिओचीच काठी किंवा पुस्तक. घरी तो ‘गावचा जुना फोटो’ म्हणून टांगलेला असतो, पण त्यात गावाचा कणही नसतो. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला उठावाच्या अक्षरांत छापलेले स्टुडिओचे नाव आणि पत्ता वाचला की खरी हकीकत कळते. हे खोटे चित्र नव्हे. आपण सुखात आहोत असे आईला दाखविण्याची त्या माणसाची इच्छा पूर्णपणे खरी होती.

तिसरा प्रकार शाळेतल्या समूहचित्रांचा. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदूंना नागरी हक्कांचा थोडा मोकळा श्वास घेता आला. त्यानंतर मराठी शाळा, ग्रंथालये, नाट्यमंडळे यांना बहर आला आणि त्यांच्या वार्षिक समारंभांबरोबर समूहचित्रेही आली. मधोमध खुर्च्यांवर गुरुजी आणि आश्रयदाते, मागे बाकांवर उभी मुले, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली धाकटी. या बैठकीकडे नीट पाहा. कोण खुर्चीवर आहे, कोण उभे आहे, कोणाच्या पायांत वहाणा आहेत आणि कोण अनवाणी आहे, हे पाहिले की त्या गावची सारी समाजव्यवस्था समोर उभी राहते. मुली किती आहेत ते मोजा. मग १९६१ नंतरचे चित्र शेजारी ठेवा. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत खेडोपाडी शाळा निघाल्या आणि त्या चित्रांत पहिल्याच रांगेत कोण बसू लागले, हे कोणत्याही अहवालापेक्षा तेथे स्वच्छ दिसते.

तारीख नसलेल्या चित्राचा काळ कसा ठरवावयाचा, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. चेहऱ्याकडे शेवटी पाहावे, आधी छपराकडे पाहावे. आपल्याकडे पूर्वी छपरावर नळे असत. चपटी मंगळुरी कौले तयार करण्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला आणि त्यानंतर ही कौले हळूहळू कोकणपट्टीत पसरली. आधी वाड्यांवर आणि देवळांवर, गरिबाच्या घरावर फार उशिरा. विजेचा खांब दिसला तर आपल्या बहुतेक खेड्यांपुरते ते चित्र मुक्तीनंतरचे समजावे. चोपडे-शिवोली फेरीच्या धक्क्यावर माणसांची गर्दी दिसली तर ते २००२ पूर्वीचे, कारण त्या वर्षी तेथे पूल झाला. सावल्यांवरून घराचे तोंड कोणत्या दिशेला होते तेही काढता येते; जुने घर पाडून नवे बांधताना दिशा बदलली असेल तर त्याचा उलगडा होतो.

देवळांच्या बाबतीत तर छायाचित्र हाच कित्येकदा एकमेव साक्षीदार उरतो. मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या ठिकाणी काव कामाची परंपरा होती. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा लेप द्यावयाचा आणि तो कोरून आतला पांढरा रंग उघडा करावयाचा, अशी ही कला. गंमत अशी की तांबडे आणि पांढरे हे दोनच रंग असल्यामुळे कृष्णधवल छायाचित्रात काव काम फार सुंदर उतरते. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपण अनेक भिंती पाडल्या, त्यांवर सिमेंट आणि गुळगुळीत फरशा चढविल्या. भाविकांच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे, पण त्या उत्साहात दृष्टी कमी पडली, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला, त्याचे जतनकार्य शासनाच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने केले आणि २०२३ साली मंदिर पुन्हा खुले झाले. असे काम हाती घेताना पूर्वीची वास्तू नेमकी कशी होती, हा प्रश्न पहिला येतो. एखाद्या कुटुंबाच्या यात्रेतल्या फोटोत मागे सहज आलेली दीपमाळ त्या वेळी कामाची ठरते.

आता जे छायाचित्रांत नाही त्याविषयी. प्रथम, रात्र नाही. आपले दशावतार रात्रीचे, जत्रा रात्रीच्या, शिरगावच्या श्रीलईराईचे होमकुंड रात्र सरता सरता ओलांडावयाचे. जुन्या कॅमेऱ्याला भरपूर उजेड लागे आणि माणसाला निश्चल उभे राहावे लागे. म्हणून दशावतारी नट दिसतात ते दिवसा, रंग लावून मुद्दाम उभे केलेले. धोंड दिसतात ते वेताच्या काठ्या घेऊन ओळीत थांबलेले. घोडेमोडणी दिवसाउजेडी होत असल्याने ती थोडी सुदैवी. आपल्या लोकजीवनाचा ऐन क्षण चित्राबाहेर राहिला, हे ध्यानात ठेवूनच ही चित्रे वाचली पाहिजेत.

दुसरे, कूळ नाही, मुंडकार नाही, शेतात राबणारी स्त्री नाही; असलीच तर मालकाच्या खुर्चीमागे, अर्धी कापलेली. ‘फोटो काढला की आयुष्य कमी होते’ ही समजूत होती खरी, पण खरे कारण पैशाचे आणि प्रतिष्ठेचे होते. अनेक साध्या माणसांचे आयुष्यातले पहिले छायाचित्र सरकारी कागदपत्रासाठी निघाले. तोच इंचभर चेहरा पुढे मोठा करून, हाताने रंगवून, मृत्यूनंतर हार घालण्यासाठी भिंतीवर लावला गेला.

तिसरे, लढा फार थोडा दिसतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि कर्नैल सिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले. या प्रसंगांची जी चित्रे वृत्तपत्रांतून आपण पाहिली ती मुख्यतः सीमेपलीकडून घेतलेली. अलीकडे सालाझारची राजवट होती, छापावयाच्या प्रत्येक ओळीवर तपासनीसाची नजर होती. सत्याग्रहींना रात्री भाकरी देणाऱ्या पेडण्याच्या घरांचे छायाचित्र कोण काढणार होते?

मित्रहो, या साऱ्यात केवळ स्मरणरंजन नाही. मये गावाचे उदाहरण घ्या. तेथील विस्तीर्ण जमिनीचे मालक असलेले कुटुंब ‘मयेचे कोंद’ या पोर्तुगीज किताबाने ओळखले जाई. मुक्तीनंतर ती जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि १९६४ च्या कायद्याने सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे ग्रामस्थ आपल्याच घरात परके झाले. त्यांना हक्क मिळावा म्हणून विधानसभेत कायदा झाला तो २०१४ साली, म्हणजे मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर. आमचे घर येथे केव्हापासून आहे, हा प्रश्न ज्या गावात इतका जिव्हाळ्याचा आहे, तेथे दारासमोर तुळशीवृंदावनाशेजारी काढलेल्या लग्नाच्या फोटोला काय किंमत आहे, ते सांगावयास नको. नुसत्या छायाचित्राने मालकी सिद्ध होत नाही, हे वकील मंडळी सांगतील आणि ते बरोबर आहे. पण कागदच ज्याच्या नावावर नाही, त्याने दुसरे काय पुढे ठेवावे?

किंवा डिचोलीचे डोंगर घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाचा धंदा वाढला. शिरगाव, पाळी, वेळगे या भागांत डोंगर पोखरले गेले, मातीचे ढीग नवे डोंगर होऊन बसले, आणि शेतांत, ओढ्यांत गाळ उतरला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, २०१८ साली नूतनीकरण केलेले पट्टे रद्द केले. खाणीवर पोट असलेली कुटुंबे या सभागृहात आहेत आणि खाणीने शेत गमावलेलीही आहेत. मी येथे निवाडा करावयास उभा नाही. एवढेच म्हणतो की खाणीपूर्वीचा डोंगर कसा दिसे हे दाखविणारी चित्रे हुडकावी लागतात. लोकांनी घराचा फोटो काढला, डोंगराचा काढला नाही. तो कोठे जाणार होता?

मोपाचा सडा याहून बोलका. काजूची झाडे, पावसाळ्यात उगवणारे गवत, गुरे, धनगरांची वस्ती. पण पाहणाऱ्याला तो ‘रिकामा’ वाटे, आणि रिकाम्या जागेचे छायाचित्र कोणी घेत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाची छायाचित्रे आता हजारोंनी निघतात. सड्याची छायाचित्रे ज्यांच्यापाशी आहेत, त्यांना ती जपण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबतो. आपल्या दमट हवेत बुरशी, कसर आणि वाळवी हे छायाचित्राचे तीन शत्रू. चौथे आपण स्वतः. जुना फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. फाटला तर चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच त्याची प्रत करा. मागे लिहावयाचे तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. चित्रातल्या माणसांची नावे विचारावयाची तर घरातल्या वृद्ध स्त्रियांना विचारा. पुरुष मानकऱ्यांची नावे सांगतात. कडेवरचे मूल कोणाचे, नथ कोणाकडून उसनी आणली, त्या वर्षी घरात कोण आजारी होते, हे त्याच सांगतात. ज्यांनी सांगितले त्यांचेही नाव लिहून ठेवा. आणि ज्या घरांना आपल्या पूर्वजांचे चित्र चारचौघांत दाखवावयाचे नसेल, त्यांच्यावर इतिहासाच्या नावाने सक्ती करू नका. देवळांच्या सेवेत ज्यांच्या आज्या-पणज्यांचे आयुष्य गेले, त्यांना नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

मूळ चित्र घरीच राहावे, प्रत शाळेत यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे मुंबईत आहेत त्यांनी गिरगाव-परळच्या आपल्या खोल्यांतल्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. तेथे पेडणे-डिचोली अधिक असण्याचा संभव आहे. आणि येथील मुलांनी येत्या सुट्टीत आपापल्या वाड्यावरचा सडा, पाणंद, तळी, फेरीचा धक्का आणि शेताचा बांध यांची छायाचित्रे घ्यावीत, माणसे मध्ये न उभी करता, आणि प्रत्येकामागे तारीख व जागेचे स्थानिक नाव लिहावे. नकाशात नसलेले नाव.