वापरलेल्या काडतुसाचे माप



देऊळगाव राजाच्या शिवारात काय किंवा वऱ्हाडातील अन्य कोणत्याही शिवारात काय, रानडुकरांपासून उभे पीक राखणे हा शेतकऱ्याचा जुनाच व्याप आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे, ती याच कारणाने. या बंदुकीत दारू, गोळी आणि टोपी ही निरनिराळी भरावी लागतात, व बार उडाल्यावर मागे धुराखेरीज काही उरत नाही. रायफलीचे तसे नाही. तिच्या काडतुसात ही तिन्ही द्रव्ये पितळेच्या एका नळकांड्यात बसविलेली असतात, आणि बार झाल्यावर ते नळकांडे रिकामे, परंतु बहुधा धडधाकट, असे परत हाती येते. ते पुन्हा भरावयाचे तर त्याला मापात कसे व किती आणावे, या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे. प्रश्न दिसतो किरकोळ. पण त्याचे उत्तर चुकले तर बंदूक धरणाराच्या हाताडोळ्यांवर बेतते.

पेठेतील तांबटाकडे पोचा आलेली घागर नेली म्हणजे तो काय करतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला यातील निम्मे शास्त्र ठाऊकच आहे. पितळ ठोकावे तसे ते कडक होत जाते. ठोकतच राहिले तर अखेर तडकते. म्हणून तांबट मधून मधून ते तापवून नरम करतो. काडतुसाचे पितळ शंभरात सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त असे असते, आणि त्यालाही हाच नियम लागू आहे.

बार होताच आत दर चौरस इंचावर ४० हजार पौंडांहून अधिक दाब उत्पन्न होतो. त्यासरशी पितळ फुगून नळीच्या मागील पोकळीला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते व वायूला मागे येण्यास वाट उरू देत नाही. दाब ओसरताच ते किंचित आक्रसते. परंतु पूर्वीच्या मापावर येत नाही. रिकामे काडतूस म्हणजे त्या एका रायफलीच्या चेंबरचा जणू ठसाच होय.

हा ठसा कितपत पुसावा, याविषयी तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग, काडतूस पोलादी डायमध्ये पुरते दाबून अंग, खांदा व मान ही सर्व मूळ मापावर आणण्याचा. असे काडतूस त्या जातीच्या कोणत्याही रायफलीत विनातक्रार बसते. ज्याला एकच दारूगोळा दोन रायफलींत वापरावयाचा आहे, अथवा ज्याची रायफल स्वयंचलित रीतीने भरते, त्याला हाच मार्ग सोयीचा. दुसरा मार्ग, गोळी धरून ठेवणारी मान तेवढी आवळण्याचा. यात पितळेस ताण कमी पडतो; परंतु ते काडतूस केवळ आपल्याच रायफलीचे होऊन राहते, आणि काही बारांनंतर तेथेही आवळून बसू लागते. तिसरा मार्ग मधला. त्यात अंग डायमधून काढावयाचे, पण खांदा इंचाच्या एकदोन हजारांशांपेक्षा अधिक मागे सरकवावयाचा नाही. हे अंतर वहीच्या पानाच्या जाडीहूनही कमी आहे. ते गेजवाचून, नुसत्या नजरेने साधत नाही. नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेणारे अनेक जण आज हाच मार्ग पत्करतात.

पहिला मार्ग सर्वांत निर्धोक, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. तसे ते नेहमीच नसते, हे .३०३ रायफलीवरून ध्यानात येते. १८८८ साली ब्रिटिश सैन्यात आलेले हे काडतूस पुढे भारतातील पोलीसदलांत दीर्घकाळ वापरात होते. ते बुडाच्या काठावर टेकते, खांद्यावर नव्हे. आणि चिखलमातीतही अडू नये म्हणून त्या रायफलींचे चेंबर पुष्कळ सैल ठेवलेले असे. परिणामी प्रत्येक बाराला खांदा पुढे जातो. प्रत्येक वेळी तो पुरता मागे दाबला, तर पितळ बुडाच्या किंचित वर पुन्हा पुन्हा ताणले जाऊन तेथे आतून पातळ कडे पडते, आणि एखाद्या बाराला बूड सुटून वेगळे होते. पुढचा भाग चेंबरात अडकतो, आणि तापलेला वायू मागे फुटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून अशा रायफलीसाठी जाणते लोक मानच आवळतात, आणि टोक वाकविलेली बारीक तार आत फिरवून ते कडे चाचपतात. तार अडखळली की ते काडतूस मोडीत जाते.

कामाचा ताण पितळात किती काळ दडून राहतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण या देशातलेच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. उघडीप झाल्यावर पाहावे तो कित्येक काडतुसे तडकलेली. तीही विशेषतः जेथे पितळ गोळीवर आवळलेले, तेथेच. हा ऋतूचा दोष समजून त्याला नावही तसेच पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी उलगडा केला की, घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पितळात दडलेला ताण, ही दोन्ही एकत्र आल्यामुळे हे घडते. उपाय तांबटाचाच होता: तापवून ताण घालविणे. म्हणूनच काडतुसे पुन्हा भरणारे आजही केवळ मान तापवून नरम करतात. बुडाला मात्र आच लागू देत नाहीत, कारण बूड कडक असेल तरच ते दाब सोसते. अमोनिया असलेले पॉलिशही ते काडतुसास लावीत नाहीत.

हे सारे मध्यभागी टोपी असणाऱ्या काडतुसांविषयी झाले. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यातील .२२ काडतुसाचे स्फोटक बुडाच्या कडेतच असते. ते एकदा उडाले की संपले. शिवाय दारूगोळा तयार करण्यास कायद्याने परवाना लागतो, म्हणून हे काम घरच्या घरी करून पाहण्याचे नव्हे. १८६९ पासून खडकीच्या कारखान्यात काडतुसांचे काम चालते, ते काटेकोर मापांच्या बंधनातच.

तेव्हा कोणता मार्ग उत्तम, असे विचारण्यापूर्वी रायफल कोणती, काडतूस कोठे टेकते आणि किती वेळा भरून झाले, हे विचारले पाहिजे. ही उत्तरे हाती आली म्हणजे ठरविण्याचे एवढेच उरते: काडतूस सहज आत जाईल व सहज बाहेर येईल इतके आवळावे, आणि त्याहून एक केसभरही अधिक नाही.